आर्चटॉप गिटार घ्यायची आहे, घर फोंड्याला, आणि बाहेर जुलै

पेटीवाल्याचा_नातू | १२ जुलै

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी फोंड्याजवळचा. आजोबा नाटकमंडळीत पेटी वाजवायचे. घरात अजून दोन पेट्या आहेत, एकीचा भाता फाटलेला. मी मात्र बिघडलो. कॉलेजात असताना मडगावला एका मेस्तांकडे (आमच्याकडे संगीतशिक्षकाला मेस्त म्हणतात) गिटार शिकायला गेलो. त्यांनी तीन महिने गिटारीला हात लावू दिला नाही, नुसता सोल्फा (डो-रे-मी, आपल्या सरगमसारखं) म्हणून घेतला. आजोबांना मेस्त फार आवडले ते याच कारणासाठी.

गेली सहा वर्षं आम्ही तिघं रविवारी संध्याकाळी रायबंदरला मित्राच्या बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून जॅझ वाजवतो. एक डबल बेस, एक सॅक्सोफोन आणि मी. ऐकायला शेजारची दोन मुलं आणि एक मांजर. माझ्याकडे साधी सॉलिड बॉडी (भरीव लाकडाची) इलेक्ट्रिक आहे. मागच्या महिन्यात सॅक्सवाला म्हणाला, "तुझी गिटार वायरीतून येते रे, खोलीतून येत नाही." तेव्हापासून झोप नाही.

तर आर्चटॉप घ्यायची आहे. चांगली, आयुष्यभराची. गाडी बदलायची होती ती बदलली नाही, त्यामुळे चार लाखांपर्यंत जाता येईल. ही म्हणते, "चार लाखांत फाटक्या भात्याच्या चाळीस पेट्या दुरुस्त होतील." कोणती घ्यावी, कुठून आणावी आणि मुख्य म्हणजे आमच्या पावसात ती जगेल का? आत्ता हे लिहिताना कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी दिसतेय.

रेवा_डिचोली | १२ जुलै

आर्चटॉप म्हणजे नक्की काय हो? मला गिटार म्हणजे गिटार एवढंच कळतं.

पेटीवाल्याचा_नातू | १२ जुलै

रेवाताई, आपल्याकडचं रबेक (व्हायोलिन) डोळ्यांसमोर आणा. त्याचं पोट कसं फुगीर असतं, दोन बाजूंना एफ अक्षराची भोकं असतात आणि तारा एका उभ्या घोडीवरून जाऊन खाली शेपटीला अडकतात. तेच सगळं गिटारीच्या आकारात. साध्या गिटारीची घोडी पाटीला (वरच्या फळीला) चिकटवलेली असते, इथे ती नुसती ठेवलेली असते, तारांच्या दाबावर उभी. आवाज तानपुऱ्यासारखा रेंगाळत नाही. ठोका लागला की स्वर उभा राहतो आणि पुढच्या ठोक्याला जागा करून देतो.

सुकी_सुंगटां | १२ जुलै

चपलेचा फोटो टाका. गिटारीचं नंतर बघू.

बांद्र्याचा_बेबॉप | १३ जुलै

धागा छान, पण चार लाख आणि "आयुष्यभराची आर्चटॉप" हे एका वाक्यात लिहू नका, वाईट वाटतं.

आर्चटॉप म्हणजे गिब्सन एल-फाइव्ह. १९२२ साली आली, वाद्यांची रचना करणारा लॉइड लोअर तेव्हा गिब्सनच्या अमेरिकेतल्या कलामझूच्या कारखान्यात होता, एफ-भोकांची पहिली गाजलेली गिटार तीच. जॅझ गिटारवाला वेस माँटगमरी अंगठ्याने वाजवायचा ती एल-फाइव्हच, पिकप (तारांचा आवाज वायरीत नेणारा) बसवलेली. तिच्या वर सुपर ४००, १९३४ ची, अठरा इंच रुंद, नावातच तिची तेव्हाची डॉलरमधली किंमत. त्याच्या वर एकेका कारागिराच्या हातच्या: न्यूयॉर्कचा जॉन डी'अँजेलिको, त्याचा शागीर्द जिमी डी'अक्विस्टो, मग बेनेडेट्टो. बाकी सगळं आर्चटॉपसारखं दिसणारं फर्निचर.

माझ्याकडे एल-फाइव्ह आहे म्हणून सांगत नाही.

सुकी_सुंगटां | १३ जुलै

नाही नाही, अजिबात नाही.

अर्धा_सूर | १३ जुलै

मी पुण्यात हौस म्हणून गिटारी दुरुस्त करतो, दिवसा दुसरी नोकरी. थोडं सविस्तर लिहितो, कारण बेबॉपरावांनी यादी दिली पण प्रश्न गोव्याचा आहे.

आर्चटॉपच्या दोन जाती. एक कोरलेली: स्प्रूसची जाड फळी आतून-बाहेरून कोरून घुमट करतात, मागची पाठ आणि बाजू मेपलच्या. दुसरी दाबलेली: पातळ थर आडवे-उभे चिकटवून साच्यात घुमट आणतात, म्हणजे प्लाय. प्लाय म्हटल्यावर नाक मुरडू नका. गिब्सनची ईएस-१७५ ही १९४९ पासून मेपल प्लायचीच. जो पास आणि जिम हॉल या जॅझ गिटारवाल्यांचे किती रेकॉर्ड तिच्यावर आहेत बघा. त्यांना कोरलेली परवडत नव्हती म्हणून नव्हे, बँडमध्ये आवाज वाढवला की कोरलेली पाटी अँपच्या आवाजाने स्वतःच थरथरायला लागते आणि फीडबॅकची शिट्टी सुटते. प्लाय तेवढी थरथरत नाही, म्हणून शिट्टीही उशिरा.

आता पाऊस. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीला जवळजवळ काही होत नाही. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे, त्यामुळे एक फुगायला गेला की दुसरा धरतो. कोरलेल्या पाटीला धरणारं कोणी नाही. घुमट वर येतो, घोडी उचलते, तारा पट्टीपासून (मानेवर बोटं दाबतो तिथून) लांब जातात. डिसेंबरात हवा कोरडी झाली की उलटं. अशा वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फोंड्यात जुलैला किती असते?

पेटीवाल्याचा_नातू | १३ जुलै

आत्ता घड्याळाच्या दुकानातून स्वस्तातला मीटर आणला. ८९ दाखवतोय. स्वयंपाकघरात ९३, पण तिथे डाळ शिजत होती.

लाकूडतोड्या | १३ जुलै

सत्तरीत आमच्या घराचे दरवाजे जूनमध्ये लागायचे बंद होतात आणि नोव्हेंबरात आपोआप लागतात. ते सागवानाचे. तुमचं ते स्प्रूस म्हणजे थंड देशातलं झाड, त्याला इथे आणून हाल करताय.

अर्धा_सूर | १४ जुलै

लाकूडतोड्या, बरोबर. पण मडगाव-म्हापशाच्या घरांत शंभर वर्षांची व्हायोलिनं आहेत, तीही स्प्रूसचीच. जगतात. फक्त कोणीतरी त्यांच्याकडे रोज बघतं.

बांद्र्याचा_बेबॉप | १४ जुलै

प्लायला कोरलेलीच्या पंगतीत बसवणं चालू द्या. पण गिटारवाला फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून १९८७ पर्यंत बसला, अँपशिवाय, भोवती एवढे ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्स असताना. ते प्लायवर होतं का? वाचकहो, सॅक्सवाल्याला जे खोलीतून हवंय ते तेच आहे.

पेटीवाल्याचा_नातू | १४ जुलै

बेबॉपराव, हे मात्र मनाला लागलं. फ्रेडी ग्रीन म्हणजे माझ्या लेखी ठेका धरणारा तबलजी. आजोबा म्हणायचे, साथीदार बंद पडला की कळतं तो होता.

रेवा_डिचोली | १४ जुलै

गोव्यात असं वाजवणारं कोणी होतं का पूर्वी?

पेटीवाल्याचा_नातू | १५ जुलै

होतं म्हणजे काय! चर्चच्या शाळांतून सोल्फा शिकलेली आमची माणसं मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात भरलेली होती. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रंपेटवर, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवर, ज्यांच्याकडे प्यारेलाल शिकले. मडगावचे क्रिस पेरी तर त्यांच्या कोंकणी गाण्यांमुळे घरोघरी. गिटारीचं म्हणाल तर आमान्सियो द'सिल्व्हा: जन्म मुंबईचा, आईवडील गोव्याचे, पुढे लंडनला गेला आणि १९६९ मध्ये तिथे जॅझमध्ये आपले राग मिसळून रेकॉर्ड काढले. त्याचं वादन ऐकून मी पहिल्यांदा घरच्या पेटीशी भांडण मिटवलं.

कागदी_घोडा | १६ जुलै

उशिरा आलो. वास्कोत क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. बाहेरून मागवायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग क्लिक करा.

परदेशातली किंमत, त्यात वाहतूक, त्यात विमा, या बेरजेवर कस्टम ड्यूटी लागते. ड्यूटीवर समाजकल्याण अधिभार. मग ही सगळी बेरीज धरून तिच्यावर आयजीएसटी. म्हणजे करावर कर. वस्तू जुनी आहे म्हणून सूट नाही. विकणारा "गिफ्ट लिहून पाठवतो, किंमत कमी दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा. पकडलं तर दंड, आणि वाटेत फुटलं तर विमा कागदावरच्या किमतीइतकाच. दोन्हीकडून तुम्हीच मार खाता.

दुसरं लाकडाचं. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच गिब्सनची पट्टी त्याच लाकडाची. साइट्सचे लागणारे कागद नसतील तर वाद्य जप्त होऊ शकतं. २०१७ च्या जानेवारीत या (डाल्बर्जिया) कुळातली बाकीची सगळीच झाडं दुसऱ्या परिशिष्टात गेली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. पट्टी एबनीची किंवा साध्या रोझवुडची असेल तर डोकं शांत. विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

लाकूडतोड्या | १६ जुलै

आपला शिसव त्याच कुळातला. लहानपणी आम्ही त्याच्या फांद्यांनी विटीदांडू खेळायचो.

सुकी_सुंगटां | १६ जुलै

परवाना होता का?

पेटीवाल्याचा_नातू | २८ ऑगस्ट

चतुर्थीच्या गडबडीआधी एक हकीकत.

मेस्तांच्या ओळखीने सासष्टीतल्या एका घरात गेलो. घरातले आजोबा तारवटी होते, बोटीवर. साठच्या दशकात हँबर्गहून त्यांनी एक आर्चटॉप आणली, जर्मन, होफनर. ते गेले, गिटार राहिली. आजीबाईंनी आतल्या खोलीतून गिटारीची पेटी आणून सालीत (दिवाणखान्यात) टेबलावर ठेवली, पुसली आणि स्वतः लांब जाऊन बसल्या.

काय दिसली म्हणून सांगू! पिवळसर सोनेरी, पाठीवर मेपलच्या लाटा, पाण्यावर ऊन पडल्यासारख्या. पण झाकण उघडताच कापरासारखा आंबट वास आला. पिकगार्ड (पाटीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला प्लास्टिकसारखा तुकडा) चुरगळून भुग्यासारखा झाला होता आणि त्याच्या जवळचे सगळे स्क्रू हिरवे. घोडीखाली पाटी बसलेली, तरी मान पुढे ओढली गेल्यामुळे तारा पट्टीपासून बोटभर वर. एक सूर काढला तर आतून काहीतरी टकटक वाजलं.

आजीबाई म्हणाल्या, "तो रोज जेवल्यावर एक तुकडा वाजवायचा." किंमत विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही सांगितली नाही. कोकम सरबत पिऊन परत आलो. अर्धा_सूर, हिचं काही होईल का?

अर्धा_सूर | २८ ऑगस्ट

वास आणि हिरवे स्क्रू म्हणजे सेल्युलॉइड कुजतंय. त्यातून आम्लाची वाफ सुटते, धातू खाते, शेजारचं वार्निशही खाते. आधी तो पिकगार्ड काढून वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा, गिटार कोणाचीही असो. टकटक म्हणजे पाटीला आतून आधार देणारी लाकडी पट्टी सुटली आहे, म्हणून पाटी बसली. जुना सरस उष्ण दमट हवेत मऊ होतो. पट्टी चिकटवता येते, पण बसलेली पाटी पूर्ण वर येईलच असं नाही, शिवाय मानेचा कोन बदलावा लागेल. दुरुस्तीवर जेवढा खर्च कराल तेवढी ती बाजारात विकली जाणार नाही. घरच्यांसाठी करण्यासारखं आहे, विकत घेण्यासारखं नाही.

पेटीवाल्याचा_नातू | २९ ऑगस्ट

आज फोन करून पिकगार्डचं सांगितलं. नातवाने काढला. आजीबाईंनी तो फेकू दिला नाही, डब्यात ठेवला.

बांद्र्याचा_बेबॉप | २ ऑक्टोबर

नातू, मागचं सगळं वाचलं. माझं जरा जास्तच झालं. मुंबईला या. माझी वाजवून बघा. माझ्या एका ओळखीच्यांना ईस्टमन विकायची आहे, आणखी एकाकडे ईएस-१७५ आहे (विकायची नाही, पण बघायला देईल). तिन्ही एका खोलीत आणतो. चहा माझ्याकडून.

सुकी_सुंगटां | २ ऑक्टोबर

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

पेटीवाल्याचा_नातू | १७ नोव्हेंबर

मुंबईहून परतलो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बेबॉपरावांच्या घरी बाहेरच्या खोलीत तिन्ही गिटारी सोफ्यावर मांडलेल्या. मी आधीच ठरवलं होतं की स्वतः वाजवून निर्णय करायचा नाही. आपण वाजवतो तेव्हा गिटार छातीला टेकलेली असते, पोटातून ऐकू येते, सगळ्याच बऱ्या वाटतात. सॅक्सवाला समोरून ऐकतो. म्हणून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसलो आणि बेबॉपरावांना सांगितलं, तेच चार सूरसमूह (कॉर्ड) तिन्हींवर, आधी वायर न लावता, मग लावून, क्रम मला सांगू नका.

वायर न लावता: पहिली आणि तिसरी खोलीत आल्या. दुसरी आली नाही, ती त्यांच्या मांडीतच राहिली. ती ईएस-१७५ होती. वायर लावल्यावर चित्र पालटलं. दुसरी एकदम जाड, लोण्यासारखी झाली, आवाज कितीही वाढवा, शिट्टी नाही. पहिली वाढवली की दोनदा हंबरली.

पहिली होती एल-फाइव्ह. आणि ती सगळ्यात चांगली होती. खोटं कशाला बोलू. खालचे सूर असे येतात की कोणीतरी दार उघडून आत आल्यासारखं वाटतं. पण सतरा इंच रुंद. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, वीस मिनिटांत तो बोलायला लागला. शिवाय परदेशी बाजारात सहा-सात हजार डॉलरच्या खाली धड एल-फाइव्ह मला दिसलेली नाही. त्यावर कागदी_घोड्यांची बेरीज केली की मी गाडीच काय, घरही बदलणार नाही.

तिसरी ईस्टमन एआर-८०५सीई. सोळा इंची, कोरलेली, स्प्रूस आणि मेपल, पट्टी एबनीची, पिकप पाटीला भोक न पाडता पट्टीच्या टोकाला तरंगता लावलेला. चीनची. कंपनी १९९२ मध्ये व्हायोलिनं करत सुरू झाली, म्हणजे घुमट कोरायला आधी व्हायोलिनवर शिकली. बेबॉपराव म्हणाले, "मला सांगायला जड जातंय, पण ही बरी आहे." हे वाक्य बोलायला त्यांना दोन कप चहा लागला.

एल-फाइव्हपेक्षा स्वर जरा मोकळा, जरा तीक्ष्ण. पण समोरच्या माणसाला ऐकू येतो, आणि मला रविवारी तेच हवंय. आम्ही अँप इतका लावतोच कुठे, मांजर उठून जातं.

अर्धा_सूर | १७ नोव्हेंबर

पैसे देण्याआधी तपासलंत का? आरसा, टॉर्च?

पेटीवाल्याचा_नातू | १७ नोव्हेंबर

तुम्ही फोनवर सांगितलंत तसं. दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा एफ-भोकातून आत, टॉर्च दुसऱ्या भोकातून. पट्ट्या सरळ, कडेला फट नाही. बोटाच्या पेराने पाटीवर सगळीकडे टकटक केलं, कुठेही खुळखुळ नाही. डोक्याजवळ मानेला जुना जोड आहे का हे नखाने चाचपलं, नाही. घोडीखाली कागद सरकवून बघितला तर उजव्या पायाखाली एका बाजूला जात होता. तेवढं एकच. त्यावरून मालकांशी थोडी घासाघीस केली.

एक लाख नव्वद हजार. पेटी आणि बिलासकट.

सुकी_सुंगटां | १७ नोव्हेंबर

अभिनंदन! उरलेल्या दोन लाख दहा हजारांच्या पेट्या.

पेटीवाल्याचा_नातू | १९ नोव्हेंबर

आता माझी चूक. हसू नका.

मांडवी एक्स्प्रेसने आणली, वरच्या बर्थवर, मी खाली. कोणीतरी सांगितलं होतं की प्रवासात तारा सैल कराव्यात. मी इमानदारीने सगळ्या पार सैल केल्या. मडगावला उतरून घरी पेटी उघडली तर घोडी पाटीवर आडवी पडलेली, तिने वार्निशवर अंगठ्याएवढा ओरखडा काढलेला. घोडी चिकटवलेली नसते हे रेवाताईंना मी स्वतः समजावलं होतं. धाग्याच्या दुसऱ्याच प्रतिसादात.

अर्धा_सूर | १९ नोव्हेंबर

होतं. पुढच्या वेळी थोड्याच सैल करायच्या, घोडी जागेवर राहील इतक्या, आणि खाली मऊ फडकं घालायचं. तारा बदलतानाही एक काढून एक लावायची, सगळ्या एकदम नाहीत. आता घोडी कुठे होती याची खूण नसेल तर बाराव्या पट्टीवरून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवरून, म्हणजे फ्रेटवरून) जागा काढा. तिथे दाबून काढलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला नाजूक सूर जुळला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर घोडी मागे, उतरलेला असेल तर पुढे. जाड तारेला आणि बारीक तारेला जागा वेगळी येईल, घोडी किंचित तिरकीच बसते.

आणि तो उजवा पाय? तो बसवून घ्या. घोडीचा पाय घुमटाला तंतोतंत टेकला नाही तर अर्धा आवाज तिथेच मरतो.

पेटीवाल्याचा_नातू | ३ डिसेंबर

पायाची गोष्ट सांगतो, या सगळ्या खटपटीत मला सगळ्यात आवडलेली.

गोव्यात आर्चटॉप दुरुस्त करणारा मला सापडला नाही. मेस्त म्हणाले, "रबेकवाल्याकडे ने." मडगावजवळ एक वयस्कर गृहस्थ चर्चच्या वाद्यवृंदांची व्हायोलिनं सांभाळतात. आर्चटॉप त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. पाच मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही तर मोठी रबेक. पोट मला कळतं."

पाटीवर घोडीच्या जागी बारीक पॉलिश पेपर चिकटपट्टीने लावला, घासणारी बाजू वर. घोडीचा पाय त्यावर ठेवून पुढे-मागे, अगदी हळू, दर दहा-बारा हातांनी उचलून उजेडात बघत. पुढे-मागेच, गोल नाही, कारण गोल फिरवलं की पायाच्या कडा गोलावतात. आमच्या तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा माणूस आठवला. तो घोडीला मुद्दाम उतार देतो, स्वर तारेवर घासून रेंगाळावा म्हणून. हे नेमकं उलटं. इथे कुठेच फट नको, सूर सरळ लाकडात उतरला पाहिजे. दोघांच्याही हातात तेच: घास, बघ, थांब.

पाऊण तास लागला. तीनशे रुपये. चपट्या तारा (फ्लॅटवाउंड, बाराच्या जाडीच्या) चढवल्या, मी एक सूरसमूह वाजवला आणि ते म्हणाले, "आता घरात आली."

त्यांना सॅक्सवाल्याचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं.

बांद्र्याचा_बेबॉप | ३ डिसेंबर

माझ्या घोडीचा पाय आज कागद सरकवून बघितला. जातोय. आता काय करू?

सुकी_सुंगटां | ३ डिसेंबर

मांडवी एक्स्प्रेस.

रेवा_डिचोली | ८ डिसेंबर

रविवारी रायबंदरला गेले होते, भावासोबत. बाल्कांवात जागा नव्हती, पायरीवर बसलो. मला जॅझ कळत नाही, पण डबल बेस आणि गिटार एकत्र चालताना कोण काय वाजवतंय ते वेगळं ऐकू येत होतं. मांजर मात्र दिसलं नाही.

पेटीवाल्याचा_नातू | ८ डिसेंबर

मांजर बेसच्या खोक्यात झोपलं होतं. पुन्हा या.

पेटीवाल्याचा_नातू | २१ जून

धागा वर आणतोय. पहिला पाऊस.

तयारी अशी: उरलेल्या पैशांतून डीह्युमिडिफायर घेतला, छोट्या खोलीसाठी, दिवसाला तांब्याभर पाणी काढतो. वीज गेली की बंद, आणि जूनमध्ये वीज जातेच, म्हणून गिटार पेटीतच ठेवतो, आत ४९ टक्क्यांच्या दोन पुड्या. त्या ओल शोषतात आणि कोरडं झालं की परत सोडतात. पेटीतला मीटर ५८ वर थांबतो. खोलीत ७०. बाहेर विचारू नका.

तरी आज सकाळी हाताला लागलं, तारा वर आल्यात. बाराव्या पट्टीवर जाड तारेखाली मागच्या महिन्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त. घाबरू का?

अर्धा_सूर | २१ जून

घाबरू नका. घुमट थोडा फुगला, इतकंच. घोडीच्या दोन्ही बाजूंना पितळी चाकं आहेत, तारा थोड्या सैल करून (थोड्याच!) ती फिरवा. जाड तारेकडचं अर्धा फेरा खाली, बारीक तारेकडचं पाव. मग सुरात लावून एक रात्र थांबा, लगेच परत फिरवू नका. किती फिरवलं ते वहीत लिहून ठेवा, डिसेंबरात तेवढंच उलटं करायचं आहे. मानेच्या आतल्या सळईला हात लावू नका, दोष तिचा नाही.

लाकूडतोड्या | २१ जून

आमचे दरवाजेही कालपासून लागेनासे झाले. त्यांना चाक नाही.

पेटीवाल्याचा_नातू | २२ जून

जाड बाजू अर्धा, बारीक बाजू पाव. रात्र थांबलो. सकाळी पाचव्या पट्टीवर बारीक तार किंचित खणखणत होती, तिला पाव फेऱ्याचाही अर्धा परत वर दिला. आता नाही खणखणत. वहीत लिहिलं. वही आजोबांची आहे, पहिल्या पानावर त्यांनी पेटीच्या सुरांच्या पितळी पट्ट्या कधी घासल्या त्याच्या तारखा लिहिल्यात. जूनच्याच बऱ्याच.

आज दुपारी ती फाटक्या भात्याची पेटी काढून बघितली. भाता शिवून देणारं फोंड्यात कोणी माहीत आहे का? वेगळा धागा काढू की इथेच विचारू?